चौदा फुटी जीभ

खेजडसरच्या विमानतळावर उतरलात की समोर माझी जीभ दिसते. चौदा फूट उंच. जिभेच्या टोकावर बोटभर पांढरा चुना, वर माझे मिटलेले डोळे, आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की या गावातली प्रत्येक भिंत एका बाईने चाखलेली आहे. ती बाई मी. कौतिका कडुबा शेजूळ, मूळ मुक्काम वेरूळ, सध्या वाळवंट.

लोक त्या जिभेखाली उभे राहून आपापली जीभ बाहेर काढतात आणि फोटो घेतात. मला त्याचं काही वाटत नाही. इथे कुणालाच कशाचं काही वाटत नाही, त्यासाठीच तर लोक विमानाने येतात.

वीस वर्षांपूर्वी खेजडसर म्हणजे एक तळं, चाळीस घरं आणि भांगेचा एक सरकारी ठेका. ठेक्यावरची लस्सी प्यायला परदेशी पोरंपोरी यायची, दोन दिवसांसाठी यायची आणि दोन महिने पडून राहायची. पडल्या पडल्या भिंती रंगवायची. हिरवी पानं, गरगर फिरणारी वेटोळी, तळहातावर डोळे, गॉगल घातलेले उंट. मग त्यांच्या मागून पैसेवाले आले. पैसेवाल्यांना पानाची लाज वाटली. पान पुसलं, गुंगी ठेवली. गावातले कोपरे काढून टाकले. दारं गोल, जिने गोल, टेबलांना कड नाही, रंग सगळे शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यासारखे. त्याला खेजडसर शैली म्हणतात. जपानमध्ये त्याची दुकानं आहेत म्हणे.

ती शैली कशी बनते ते सांगते. जेठीबाई मेघवाळ ही इथलीच. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गेरूने गणपती काढायचा, खाली नवरा-नवरीची नावं आणि तिथी लिहायची, ही त्यांच्याकडची आमंत्रणाची रीत. जेठी ते काम सासूकडून शिकली. तिची रेघ तारेसारखी असायची. हॉटेलांच्या भिंतीही तिलाच दिल्या. एका दुपारी तिने उंट काढला, त्याला पाच पाय.

"जेठी, पाच झाले," मी म्हटलं.

तिने मोजले. "झाले खरं," म्हणाली.

तिने पुसला नाही, मीही पुसला नाही. महिन्याने आमचा साहेब रिषभ बाफना तिथे थांबला, मान तिरकी करून बघत राहिला आणि म्हणाला, "काय धाडस आहे!" पुढच्या वर्षी पाच पायांचा उंट पिशव्यांवर होता, चादरींवर होता, एका विमानाच्या शेपटावर होता.

आमचं इथे येणंही भांगेमुळेच झालं, फक्त गिलाव्याच्या भांगेमुळे. वेरूळच्या लेण्यांतल्या जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले. दीड हजार वर्षं त्या गिलाव्याला कीड शिवली नाही. माझा बाप तिथे डागडुजीला मजूर होता. काडी किती, चुना किती, हे त्याच्या हातातून माझ्या हातात आलं. बाफना पुण्याचा, इमारतींचे नकाशे काढणारा, शिकलेला. तो वेरूळला गवंडी शोधत आला तेव्हा मी हौदातला चुना बोटाने जिभेवर ठेवत होते.

"ताई, हे काय करताय?"

"चाखतेय. चटका दिला तर कच्चा. गप्प बसला तर मुरला."

त्याने लगेच फोन काढून माझं चित्रीकरण सुरू केलं. मला वाटलं, चला, कुणीतरी कदर केली.

आता विरजणाचं सांगते. मी सातवीपर्यंत शिकले. पण सात वर्षं ज्याच्यात कोपरापर्यंत हात घातले ते न कळण्याइतकी मठ्ठ नाही. माणसाच्या अंगात दुखणं आणि भीती शमवणारं एक द्रव्य आपोआप तयार होतं. शास्त्रज्ञांनी आपल्याच 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलंय. ते ज्या कुलपात बसतं त्याच कुलपात भांग आपली किल्ली घालते, म्हणून ती चढते. पण अंगातलं आनंदामाइड फार वेळ टिकत नाही. त्याला झाडून टाकणारं एक विकर असतं. झाडूवाला म्हणा. एका प्रयोगशाळेने या झाडूवाल्याला रजेवर पाठवणारा रेणू तयार केला. झाडूवाला रजेवर गेला की शमवणारं द्रव्य साठत जातं. चक्कर नाही, खिदळणं नाही, डोळे लाल नाहीत. त्यामुळे कायद्याच्या लेखी ही नशाच नाही.

मग तो रेणू बनवायची कला त्यांनी एका जिवाणूला शिकवली, म्हणजे त्याच्या जनुकांत घातली. काँक्रीटच्या भेगा बुजवायला चुन्यात तग धरणारे जिवाणू आधीपासून वापरतात, त्यांच्यातलाच हा. चुना त्याचं घर, भांगेची काडी त्याचं खाणं. ऊन लागून भिंत तापली की रेणू हवेत सुटतो. तुम्ही श्वास घेता, बस्स. तीन दिवस गावाबाहेर राहिलात तर उतरतो. नव्या माणसाच्या अंगात भिनायला दोन-तीन दिवस जातात, पण सरावलेला गावात परत आला तर तासा-दोन तासांत पुन्हा अंगात.

जिवाणूंचं पाणी कॅनमधून यायचं. आम्ही मजूर त्याला विरजण म्हणायचो, कारण नियम तोच. दूध कढत असताना विरजण लावलं तर दही लागत नाही. चुना पुरता मुरून थंड झालेला हवा. आत कच्ची चुनकळी राहिली तर ती पाणी पिऊन आतल्या आत उकळते आणि विरजण मरतं. म्हणून माझी जीभ. कंपनीकडे तापमापक डझनाने होते. पण तापमापकाचा फोटो विमानतळावर कोण लावणार?

एक प्रश्न मात्र सात वर्षांत कुणी विचारला नाही. मीही नाही. ज्या गावात कुणाला दुखत नाही, तिथे चाखणाऱ्या बाईची जीभ कशी भाजणार?

कडुबा माझा नवरा. चार भावंडं गेल्यावर जगलेला, म्हणून देवाच्या तोंडाला नको वाटेल असं नाव ठेवलेलं. वेरूळला होता तेव्हा तोंडाचा फटकळ. भाजीत मीठ कमी पडलं तर शेजारच्या आळीला कळायचं. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकदा मीठ घालायलाच विसरले. तो जेवून उठला.

"अवो, मीठ?"

"नव्हतं का?" म्हणाला.

गेल्या फाल्गुनात एका दुपारी त्याने पाय वर करून दाखवला. "कौते, हे बघ. खिळा."

टाचेत खिळा होता. त्याचं डोकं तेवढं बाहेर.

"कधीचा?"

"सोमवारी फळ्या उतरवल्या. तेव्हाचा असेल."

त्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघांनी खिळा नीट बघितला. भोवतालची कातडी जांभळी, कडेला पिवळसर. मला तो रंग आवडला, हे मी लपवत नाही. मी म्हटलं, चहा घेऊन दवाखान्यात जाऊ. चहा घेतला. गिलाव्याचा एक हात ओला होता, तो संपवला. मग गेलो. दवाखान्याच्या भिंतीही आम्हीच केलेल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पाय पाहिला, शांतपणे गाडी बोलावली, गाडीवाला पाणी पिऊन शांतपणे आला. विष मांडीपर्यंत चढलं होतं. गाडीत कडुबा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ऊन छान पडलंय." मोठं गाव यायच्या आधी गेला.

मी रडले नाही. रडावं असं ठरवून बसलेही होते, पण येईना.

माझी मुलगी प्रांजल संभाजीनगरला नर्स आहे. ती आली ती माझ्या अंगावर धावूनच.

"खिळा बघून तू चहा प्यालीस? आई, चहा?"

"तुझ्या बापानेही घेतला," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चहा अजून छान करतेस तू." चौथ्या दिवशी मी तिला सोडायला गेले, तर तिने माझ्या चौदा फुटी जिभेखाली उभं राहून फोटो काढून घेतला. घरी पोचल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. फोनवर ती नुसती रडत होती. मी कानाला लावून ऐकत राहिले. तिकडून माझी वाट बघणं चाललंय हे कळत होतं, पण माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तिने फोन ठेवला. त्यानंतर केला नाही. मी केला तर उचलत नाही.

चैत्र सरता सरता कंपनीने सहानुभूती म्हणून माझ्या खोलीला नवा गिलावा मंजूर केला. मजुरांच्या चाळीतली नऊ नंबरची खोली. जुना खरवडून काम मीच केलं. चुना चाखला, गप्प बसला. "मुरलाय," म्हटलं आणि विरजण ओतलं.

वैशाखात वाळूची आंधी आली. जेठी माझ्याकडे गेरू मागायला आली होती, ती अडकलीच. दाराच्या फटींत ओली पोती कोंबून आम्ही दोघी आत. बाहेर दिवसाही हात दिसत नव्हता. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेठीने भाकरी तोडली आणि माझ्यापुढे टाकली.

"ए मराठण, ही भाकरी आहे की चप्पल?"

"चप्पल असती तर तुला आधीच हाणली असती, म्हातारे."

दोघी दचकलो. इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं नव्हतं. मग ती हसली आणि हसता हसता गुडघा धरून किंचाळली. तिचे गुडघे वाळवंटाएवढे जुने, सात वर्षं मुके होते, ते बोलायला लागले. ती भिंतीला टेकून त्यांना शिव्या देत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझे हात कळले. बोटांच्या भेगांत चुना, नखं अर्धी खाल्लेली, मनगटात सात वर्षांची थापी. मी हात पाण्यात बुडवून बसले. जेठीला बसवेना म्हणून तिने गेरू कालवला आणि भिंतीवर उंट काढला. चार पाय. रेघ तारेसारखी.

तिचा उंट पुरा होतोय तोच त्याच्या पोटावर भिंत फुगली आणि टप करून फुटली. मग शेजारी आणखी एक. फोड आले होते. असे फोड गिलाव्याला कधी येतात ते गवंड्याच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मी फोड नखाने उकरला. आतली पांढरी पूड जिभेवर ठेवली.

चटका बसला.

मी तशीच तोंड उघडं टाकून उभी राहिले. चुना कच्चा होता. मी कच्चा चुना मुरलेला म्हणून पास केला होता, कारण माझी जीभ मेलेली होती. आणि त्या कच्च्या चुन्याने विरजण मारलं होतं. आख्ख्या खेजडसरात ही एकच खोली नुसती खोली होती. विटा, काडी, चुना.

"काय झालं?" जेठीने विचारलं.

"काही नाही. जेवू."

डाळ होती. पहिला घास घेतला तर मीठ नव्हतं. मी घालायला विसरले होते. आणि मी थांबले. खरंच थांबले, घास तोंडात ठेवून, आता कडुबा ओरडेल म्हणून. शेजारच्या आळीला ऐकू जाईल असा. तो ओरडला नाही.

मग मी रडले. ते कसं होतं ते मला लिहिता येणार नाही. जेठीने माझं डोकं धरून ठेवलं होतं एवढं आठवतं. मी तिला खिळ्याबद्दल सांगत होते, रंगाबद्दल सांगत होते, चहाबद्दल सांगत होते. अजून पुष्कळ सांगायचं होतं. तेवढ्यात बाहेरून फावडी वाजली. आंधी ओसरली होती. माणसांनी वाळू ओढली, दार उघडलं, गावाची हवा आत आली.

बाफना स्वतः आला होता. "ताई, ठीक आहात ना?" म्हणाला आणि भिंतीकडे बघून थांबला. मान तिरकी केली. फोडांवरून हात फिरवला.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

माझ्याकडे तासभर होता. तासाभराने मला काही वाटणार नव्हतं, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. पण त्या तासात राग माझ्या अंगात होता, सात वर्षांत पहिल्यांदा, आणि तो माझा होता. ह्या माणसाला लाथ घालावी की काय, असा. मी लाथ घातली नाही. मी म्हटलं, "हो. मुद्दाम."

"गुळगुळीतपणाला लोक कंटाळलेत. मी तेच शोधत होतो. जखमेसारखं आहे, पण शांत!" तो खोलीभर फिरला. "दिवाळीच्या हंगामाआधी सगळं गाव असं करता येईल?"

"सगळं?"

"हॉटेलं, दवाखाना, चाळ, सगळं. जुना गिलावा खरवडून काढू. कृती काय आहे?"

"कृती माझ्या जिभेत आहे," मी म्हटलं. तो खूश झाला.

विरजण लागलंय की नाही याची तपासणी कंपनी करते, पण वर्षातून एकदा, चैत्रात. दिवाळीपासून चैत्रापर्यंत पाच महिने. माणसाला सगळं परत यायला तीन दिवस लागतात.

तो गेल्यावर मी जेठीचा गेरू घेतला आणि कॉटच्या वर लिहिलं: *कौते, चुना कच्चा ठेव. मग प्रांजलला फोन कर.* लिहिताना हात दुखत होते. शेवटच्या अक्षरापर्यंत दुखायचे थांबले. जेठीने गुडघ्यांवर हात फिरवला आणि सुस्कारा सोडला. "गेले बाई," म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. ती आता रागावू शकत नव्हती, पण म्हणायचं ते म्हणाली.

"तुला तुझ्या नवऱ्यासाठी रडायचंय, तू रड. माझे गुडघे कशाला परत आणतेस?"

"भिंतींना विरजण लावताना त्यांनी तुला विचारलं होतं?"

"नाही. तू तरी कुठे विचारतेस?"

"तुझं घर सोडते. तुझा चुना नीट मुरवते."

"आणि माझ्या शेजारणीचं? तिला कर्करोग आहे."

"तिचंही सोडते."

"आणि तिच्या शेजारणीचं?"

मी गेरूचं भांडं तिच्या हातात दिलं. जेठीच्या आणि तिच्या शेजारणीच्या घरचा चुना मी तीन महिने मुरवला आणि कंपनीच्या तापमापकाने तपासला, जिभेने नाही. तिसऱ्या घरी गेले नाही. तिथे कोण राहतं तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर काम झालं नसतं.

आश्विनात पहिला मोठा हौद भरला. मजुरांना मी हातमोजे घालायला लावले. बाफना कुरकुरला, कारण उघडे हात चित्रात बरे दिसतात. मी म्हटलं, नव्या शैलीत मोजे असतात. त्याने ऐकलं. पहाटेच मी चांगल्या चुन्यात ताजी चुनकळी कुटून मिसळली होती. ते करताना छातीत काही धडधडलं नाही. भिंतीवर लिहिलेलं होतं, म्हणून केलं. राग आठवत होता, पण तो कुणा दुसऱ्याच्या लग्नासारखा आठवत होता.

कॅमेरा आला. नव्या जाहिरातीसाठी जीभ पुन्हा हवी होती. या वेळी वीस फुटी.

मी हौदात बोट घातलं, भरपूर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. जिभेवर काहीतरी चरचरल्याचा आवाज आला. आवाज तेवढा आला.

"ताई," बाफनाने विचारलं, "तयार?"

"मुरलाय," मी म्हटलं.

टाळ्या झाल्या. मजुरांनी विरजणाचे कॅन उपडे केले. कॅमेरावाल्या मुलीने मला पडद्यावर माझंच चित्र दाखवलं. जीभ पांढरी पडली होती, मधोमध फोड, कडेला रक्त. "किती सुंदर रंग," ती म्हणाली. मीही बघितला. जांभळा, कडेला पिवळसर.

दुपारी मी नऊ नंबरच्या खोलीत आले, दार लावून घेतलं, फटींत ओली पोती कोंबली. तीन दिवसांची रजा टाकली आहे. पाणी भरून ठेवलंय, डाळ शिजवून ठेवली आहे, मीठ न घालता. फोन उशाशी आहे. प्रांजल उचलणार नाही कदाचित. मी वाजवत राहीन.

आज पहिला दिवस आहे. जिभेला अजून काही वाटत नाही.